श्वास, नवकार आणि गोळीची वेळ

हृदयविकाराचा झटका किंवा बायपास शस्त्रक्रिया यांतून सावरून माणूस घरी परतला की पहिल्या पंधरवड्यात त्याच्याकडे येणाऱ्यांची रीघ लागते. येणारा प्रत्येक जण प्रेमाने येतो आणि काही ना काही सल्ला देऊन जातो. कोणी म्हणतो, ‘आता सगळे सोडा, केवळ पडून राहा.’ दुसरा एखाद्या शिबिराचा दाखला देऊन सांगतो, ‘अमुक प्राणायाम सुरू करा, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील.’ बाजारातील मित्र हलकेच विचारतो, ‘पेढीवर केव्हा येणार?’ या तिन्ही वाक्यांमागे आपुलकी आहे. मात्र तिन्ही सल्ले जसेच्या तसे पाळले, तर रुग्णाचे हित होईलच असे नाही.

जैन घरातील रुग्णाच्या मनात याशिवाय एक चौथा प्रश्न असतो आणि तो बहुधा कोणाजवळ बोलला जात नाही. वीस-तीस वर्षे अखंड चाललेले सामायिक खंडित झालेले असते. रात्री गोळी घ्यावी लागते म्हणून चौविहार सुटलेला असतो. पर्युषण तोंडावर आलेले असते आणि गेल्या वर्षीपर्यंत अठ्ठाई करणाऱ्या माणसाला डॉक्टर एक उपवासही करू देत नाहीत. देहाची जखम भरत असते, पण ‘आपली आराधना संपली’ ही सल मनाला लागून राहते. या सलीपोटी काही जण डॉक्टरांना न सांगता गोळी टाळतात, तर काही जण धर्मक्रियाच सोडून देतात. यांतील पहिली गोष्ट जिवावर बेतू शकते आणि दुसरी मनाला खचवते.

खरे पाहता या दोहोंची आवश्यकता नाही. आजारी देहाने साधना कोणत्या मापाने करावी, याचा विचार जैन परंपरेने फार पूर्वीच केलेला आहे आणि ते माप आजच्या वैद्यकशास्त्राच्या सूचनांशी आश्चर्य वाटावे इतके जुळते.

देहाची आजची स्थिती

कोणतीही साधना आरंभण्यापूर्वी देहाचे भांडवल किती उरले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. बायपास शस्त्रक्रियेत बहुधा छातीचे मधले हाड उभे कापले जाते आणि काम झाल्यावर ते तारांनी बांधले जाते. हे हाड सांधण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण बळकट होण्यास सुमारे तीन महिने लागतात. पायातील शीर काढली असेल, तर त्या पायाला सूज राहते आणि मांडी घालून बसणे कठीण जाते. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाच्या छातीवर जखम नसते. त्यामुळे तो चार-आठ दिवसांतच स्वतःला धडधाकट समजू लागतो. परंतु झटक्यात दुखावलेल्या हृदयाच्या स्नायूला सावरण्यास कित्येक आठवडे लागतात आणि आत बसविलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये, ही जबाबदारी पूर्णतः गोळ्यांवर असते.

‘जड उचलू नका’ ही डॉक्टरांची सूचना सर्वांना ठाऊक असते. पण जड म्हणजे काय, हे प्रत्येक घराला आपल्या भाषेत समजावे लागते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुकानाचे शटर वर ओढणे, मालाचे खोके सरकवणे, स्कूटर स्टँडवर लावणे ही सर्व कामे पहिल्या तीन महिन्यांत वर्ज्य होत. स्त्री रुग्णाच्या बाबतीत भरलेला कुकर उतरवणे, कणीक मळणे, पाण्याची कळशी उचलणे, गादी ओढून चादर घालणे ही कामे त्याच जातीची आहेत. पुरुषाला पेढीपासून दूर ठेवण्याची काळजी घर घेते; सासूबाई किंवा सूनबाई मात्र ‘एवढे तर होते’ म्हणत दहाव्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहते आणि तिला कोणी अडवत नाही. देहाला मात्र स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाही.

मनाचीही एक अवस्था या काळात येते. झोप लागत नाही, कारण नसताना डोळे भरून येतात, लहानशा आवाजानेही दचकायला होते, भूक मंदावते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अशी उदासी अनेकांना येते. ती धैर्याची वा श्रद्धेची उणीव नव्हे. ती काही आठवडे टिकून राहिली, तर डॉक्टरांना अवश्य सांगावी. कारण तिच्यावरही उपचार आहेत.

परंपरेने दिलेले माप

तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माच्या बंधाची सोळा कारणे सांगितली आहेत. त्यांत त्याग आणि तप यांचा उल्लेख करताना ‘शक्तीनुसार’ असे विशेषण जोडलेले आहे. शक्ती चोरून केलेले तप जसे अपुरे, तसेच शक्तीबाहेर ओढून नेलेले तपही त्या मर्यादेत बसत नाही. आजाराने शक्तीच घटली असेल, तर तपाचे माप बदलणे ही पळवाट नसून नियमाचे पालनच आहे.

तपाचे बारा प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत: सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. व्यवहारात मात्र तप म्हटले की अनशनच डोळ्यांसमोर उभे राहते. आजारात अनशनाचे दार काही काळ बंद झाले, तरी प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, ध्यान आणि व्युत्सर्ग ही सहा आभ्यंतर दारे उघडीच असतात. यांतील व्युत्सर्गाचे प्रत्यक्ष रूप म्हणजे कायोत्सर्ग. देहाचा ममत्वभाव सोडून, त्याला सैल व स्थिर ठेवून केलेली ही साधना आजारातून उठलेल्या माणसासाठी विशेष उपकारक आहे.

कायोत्सर्ग म्हणजे केवळ खड्गासनात उभे राहणे, असा एक समज आहे. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त कायोत्सर्गाचे वर्णन करताना तो उभ्याने अथवा बसून होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. आवश्यक सूत्रावरील प्राचीन विवेचनात तर उभ्याने, बसून आणि निजून असे तिन्ही प्रकार मानलेले आहेत. आसनांची नावे दिल्यावर हेमचंद्राचार्य असेही सांगतात की, ज्या आसनाने मन स्थिर होईल तेच आसन ध्यानासाठी घ्यावे. खुर्चीवर बसून नवकार मोजणाऱ्या रुग्णाने कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

अन्नत्थ सूत्राचा अर्थ या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्यासारखा आहे. देहाची हालचाल थांबविण्याची प्रतिज्ञा घेताना जे आगार, म्हणजे अपवाद, ठेवले आहेत त्यांत श्वास घेणे व सोडणे आरंभीच येते. पुढे खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर आणि पित्तामुळे येणारी मूर्च्छा यांचीही नोंद आहे. देहाच्या ज्या गोष्टी माणसाच्या हाती नाहीत, त्यांच्यासाठी सूत्रकारांनी आधीच जागा ठेवली आहे. शस्त्रक्रियेनंतर जपात खोकला आला म्हणून जप भंगला, असे मानून व्याकूळ होणाऱ्या रुग्णाने एवढे ध्यानात ठेवले तरी त्याच्या मनावरील निम्मे ओझे उतरेल.

सत्तावीस श्वासांची साधना

कायोत्सर्गाचे माप घड्याळाचे नाही, ते श्वासाचे आहे. दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांचा एक कायोत्सर्ग सत्तावीस उच्छ्वासांचा मानतात. म्हणजे एका णमोकाराला तीन श्वास. श्वेतांबर परंपरेत लोगस्स ठरलेल्या पदापर्यंत म्हटल्यास पंचवीस श्वासोच्छ्वास धरतात आणि लोगस्स येत नसेल, तर चार नवकार गणण्याची रीत आहे. परंपरा कोणतीही असो, मंत्राला श्वासाची जोड आहे, हा धागा समान आहे.

तीन श्वासांत एक नवकार म्हणण्याची रीत अशी: पहिले पद श्वास आत घेताना, दुसरे बाहेर सोडताना, तिसरे पद घेताना, चौथे सोडताना, पाचव्या पदाचे दोन भाग करून पहिला घेताना व दुसरा सोडताना. बैठक खुर्चीवर असावी, पाठीला आधार असावा, दोन्ही पावले जमिनीला टेकलेली असावीत, हात मांडीवर सैल असावेत. श्वास नाकाने घ्यावा. सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा थोडा दीर्घ असू द्यावा. मध्ये श्वास मुळीच रोखू नये. आरंभी श्वास जसा चालतो तसाच चालू द्यावा आणि पदांनी त्याच्या मागून जावे. काही दिवसांनी श्वास आपोआप संथ होतो. एका मिनिटाला सुमारे सहा श्वास इतकी संथता आली, तर एक नवकार अर्ध्या मिनिटाचा आणि नऊ नवकार साडेचार मिनिटांचे होतात. नव्याने आरंभ करणाऱ्याला तेवढा वेळ पुरेसा आहे. सकाळी एकदा व सायंकाळी एकदा, असे दोन वेळा करावे. डोके हलके वाटू लागले किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास ओढूनताणून खोल घेतला जात आहे असे समजावे आणि साध्या श्वासावर परत यावे.

शस्त्रक्रियेच्या वेळी घशात नळी असल्यामुळे काही दिवस आवाज बसलेला असतो. त्या काळात मानस जप करावा. घसा सुधारला की उपांशु, म्हणजे केवळ ओठ हलवून, आणि नंतर मंद स्वरात वाचिक जप करावा. स्वरात म्हटलेले पद उच्छ्वास आपोआप लांबवते, हा वाचिक जपाचा देहाला होणारा लाभ. माळ छातीसमोर उंच धरल्याने खांदे व छातीचे हाड यांवर ताण येत असेल, तर हात मांडीवर ठेवून बोटांच्या पेरांवर गणना करावी. एका हातावर बारा आणि दुसऱ्यावर नऊ आवर्तने धरून एकशे आठ मोजण्याची पद्धत अनेक घरांत आहेच. मात्र एकशे आठचा आग्रह पहिल्या महिन्यात नसावा. त्याच संथ गतीने एक पूर्ण माळ करण्यास चोपन्न मिनिटे लागतील आणि तेवढे बसणे त्या काळात झेपत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाचेही तसेच. बैठक टिकत नाही तोवर सामायिकाची प्रतिज्ञा न घेता तेवढा-तेवढा जप करावा. बळ आल्यावर सामायिक घ्यावे.

प्राणायामाविषयी येथे स्पष्ट बोलणे इष्ट आहे. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरण्याचा कुंभक हे प्रकार हृदयरुग्णाने डॉक्टरांच्या अनुमतीवाचून करू नयेत. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’च्या पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले आहे, परंतु त्यापुढच्याच प्रकाशात, प्राणाला बळाने रोखल्याने पीडा होते आणि पीडेने चित्त अस्वस्थ होते, असा इशाराही दिला आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा इशारा आज रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या सूचनांच्या कागदावर शोभेल.

आधुनिक काळात याच दिशेने काम झाले ते प्रेक्षाध्यानाचे. आचार्य तुलसी यांच्या काळात, 1975 मध्ये, मुनी नथमल, म्हणजे पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी या पद्धतीला रूप दिले. तिचा आरंभ कायोत्सर्गाने होतो आणि दीर्घ श्वासाकडे केवळ पाहत राहणे, हे तिचे एक महत्त्वाचे अंग आहे. ज्यांना मंत्र म्हणतानाही थकवा येतो, त्यांनी पाच मिनिटे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहिले तरी चालेल.

अंगाला झेपेल तेवढीच हालचाल

पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत योगासन या नावाखाली जे करावयाचे, ते अगदी साधे आहे. खुर्चीवर बसून घोटे व मनगटे फिरवणे, पावले वर-खाली करणे, मान सावकाश उजवी-डावीकडे वळवणे, खांदे हलकेच वर उचलून सोडणे, एवढेच. निजून उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग उठावे. खोकला आल्यास उशी छातीशी घट्ट धरावी. रुग्णालयातून दिलेले तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र कपाटात ठेवून न देता डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस वापरावे. फुप्फुसांच्या तळाशी हवा पोहोचून कफ साठू नये, यासाठी ते असते.

सूर्यनमस्कार, हातांवर भार येणारी आसने आणि शीर्षासन, सर्वांगासनासारखी उलटी आसने या काळात वर्ज्य आहेत. धर्मक्रियेतील खमासमणे हीसुद्धा देहाच्या दृष्टीने हालचालच आहे. वारंवार बसणे, वाकणे, मस्तक जमिनीला टेकवणे आणि पुन्हा उठणे यांमुळे छातीच्या हाडावर ताण येतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला एकदम उठताना चक्करही येऊ शकते. तोपर्यंत खुर्चीवर बसून हात जोडणे व मस्तक नमवणे पुरे. वंदनाचा प्राण नम्रतेत आहे.

चालणे हे सर्वांत उत्तम. आरंभी घरातल्या घरात पाच मिनिटे, मग अंगणात, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दर आठवड्याला थोडे-थोडे वाढवत न्यावे. किती वेगाने चालावे, यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की, चालताना बोलता आले पाहिजे. जैन घरासाठी याचे रूपांतर सोपे आहे: चालताना पूर्ण नवकार धाप न लागता म्हणता यावा. मध्येच शब्द तुटू लागला, तर वेग अधिक आहे. हृदयाची गती आवरणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज नीट येत नाही. अशा वेळी ही कसोटी अधिक उपयोगी पडते. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्यांचे किंवा गिरनारचे संकल्प मनात ठेवण्यास हरकत नाही. प्रत्यक्ष यात्रा मात्र तपासण्या होऊन डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच करावी. तळेटीवरून केलेले दर्शन आणि भावयात्रा यांनाही परंपरेत स्थान आहेच.

साधना करताना किंवा चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणे, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले, तर तत्क्षणी थांबावे आणि रुग्णालय गाठावे. ‘एवढी माळ पूर्ण करतो’ असे म्हणू नये. जखमेतून स्राव, ताप, छातीचे हाड कटकट वाजणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे किंवा पायांवर सूज चढणे, ही लक्षणेही डॉक्टरांना लगेच कळवावीत.

पच्चक्खाण आणि गोळी

आता मूळ प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. स्टेंट बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे दिली जातात आणि झटक्यानंतर ती बहुधा वर्षभर चालू ठेवावी लागतात. ती अचानक बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येण्याचा धोका असतो. पर्युषणातील आठ दिवस हा त्या दृष्टीने लहान काळ नव्हे.

व्यवहार कसा अडतो, हे हिशेबाने पाहावे. डिसेंबरात पुण्यासारख्या ठिकाणी सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. नवकारशी पाळणाऱ्याचा दिवस पावणेआठला उघडतो आणि चौविहार पाळणाऱ्याचा सहाला मिटतो. हातात जेमतेम दहा तास राहतात. टिकाग्रेलॉरसारखे औषध दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे असते. ते या दहा तासांत बसत नाही. क्लोपिडोग्रेल हे औषध मात्र दिवसातून एकदाच घ्यावयाचे असते. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी अटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन ही गोळी रात्री घेण्याची प्रथा आहे. पण ती दिवसाही घेता येते. याचा अर्थ रुग्णाने स्वतःच गोळी बदलावी किंवा वेळ सरकवावी, असा नाही. कोणते औषध कोणाला अपरिहार्य आहे, हे केवळ डॉक्टरच ठरवू शकतात. अर्थ एवढाच की, डॉक्टरांना आपला नेम सांगितला, तर पुष्कळदा मार्ग निघतो. अडचण होते ती संकोचामुळे. ‘रात्री काही घेत नाही’ हे वाक्य रुग्ण घरी बोलतो, डॉक्टरांसमोर बोलत नाही. आणि डॉक्टर समजून चालतात की रात्रीची गोळी नियमित जात आहे.

जेथे वेळ बदलता येत नाही, तेथे परंपरेनेच दार ठेवले आहे. पच्चक्खाणाच्या पाठात जे आगार येतात, त्यांतील ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा तीव्र व्याधीसारख्या प्रसंगी चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधोपचारासाठी ठेवलेला अपवाद आहे. ज्या ओठांनी पच्चक्खाण घेतले जाते, त्याच ओठांनी हा अपवादही प्रत्येक वेळी उच्चारला जातो. लक्ष मात्र त्याकडे क्वचितच जाते. याशिवाय चौविहार, तिविहार आणि दुविहार अशा पायऱ्या आहेत. दुविहारात पाणी व औषध घेण्यास वाव असतो. कोणती पायरी कोणी घ्यावी, हे गुरुभगवंतांना किंवा महासतीजींना विचारून ठरवावे. सर्व हकिगत सांगून विचारले, तर आजारी श्रावकाला औषध सोडावयास लावणारे उत्तर सहसा मिळत नाही.

उपवासाबाबत आणखी दोन गोष्टी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपवासात साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. लघवीद्वारे पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असताना पाणी वर्ज्य केले, तर रक्तदाब आणि मूत्रपिंडे दोहोंवर ताण येतो. अशा वर्षी अनशनाऐवजी ऊनोदरी घ्यावी, म्हणजे दोन घास कमी. रसपरित्याग घ्यावा, म्हणजे तळलेले, तूप आणि मिठाई सोडावी. डॉक्टर जे पथ्य सांगतात, तेच तप म्हणून भावपूर्वक पाळता येते. फरसाण आणि लोणचे यांचा त्याग वर्षभर टिकविणे, हे एका दिवसाच्या उपवासापेक्षा सोपे आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

अभ्यास काय सांगतो

या साधनेचे फळ किती, याविषयी अतिशयोक्ती टाळावी. 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका इटालियन संशोधकांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेवीस निरोगी व्यक्तींना एक ख्रिस्ती प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणावयास सांगण्यात आले. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि रक्तदाबातील चढउतारांना हृदयाचा मिळणारा प्रतिसाद सुधारला. संथ लयीत म्हटलेल्या मंत्राचा हृदयाशी संबंध आहे, हे त्यातून दिसले.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग भारतातला आहे. झटका येऊन गेलेल्या 3,959 रुग्णांवर देशातील 24 केंद्रांत ‘योग-केअर’ नावाचा अभ्यास झाला आणि 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बारा आठवडे सौम्य आसने, श्वसन आणि ध्यान शिकलेल्या गटाला स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते आपल्या पूर्वीच्या दैनंदिन व्यवहाराकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले. मात्र मृत्यू, पुन्हा झटका यांसारख्या गंभीर घटना योगामुळे निश्चितपणे घटल्या, असे त्या अभ्यासातून सिद्ध झाले नाही. योग औषधांच्या जोडीला होता, औषधांच्या जागी नव्हता.

व्यापाऱ्याला हा हिशेब समजणे अवघड नाही. गोळी मुद्दल सांभाळते; श्वास आणि नवकार त्या मुद्दलावर जगण्याचे समाधान देतात. व्याज मिळते म्हणून कोणी मुद्दल काढून घेत नाही.

घरच्यांचे वैयावृत्त्य

आजाऱ्याची सेवा हे आभ्यंतर तपांपैकी एक आहे, हे आरंभी आलेच आहे. या सेवेला घरात सोपे रूप देता येते. सायंकाळी नऊ नवकारांना रुग्णाबरोबर घरातील एकाने बसावे. नातवंड बसले तर अधिकच चांगले. ‘बाबूजी, पेढीचे आम्ही पाहतो’ एवढे म्हणून मुलाने थांबू नये; दिवसाचा हिशेब आठवड्यातून एकदा त्यांच्यापुढे ठेवावा, म्हणजे आपण निरुपयोगी झालो ही भावना त्यांना येणार नाही. रुग्ण आई असेल, तर तिला स्वयंपाकघरातून केवळ शब्दांनी रजा न देता कुकर आणि कणीक दुसऱ्याच्या हाती खरोखर जाईल, अशी व्यवस्था करावी.

आणि एक काम घरातील कोणीतरी आजच करण्यासारखे आहे. एका कागदाच्या डाव्या बाजूस रुग्णाच्या सर्व गोळ्या, त्यांच्या वेळा आणि पाण्याचे प्रमाण लिहावे. उजव्या बाजूस त्याचे नेम लिहावेत: नवकारशी, चौविहार, सामायिक, तिथीचे उपवास, पर्युषणातील संकल्प. पुढच्या तपासणीला हा कागद डॉक्टरांसमोर ठेवावा आणि पुढच्या दर्शनाला महाराजसाहेबांसमोर. दोन्ही बाजू दोघांनीही पाहिलेल्या असल्या की, रुग्णाला त्यांतील काहीही लपवून करावे लागत नाही. निर्भय मनाने घेतलेली गोळी आणि निर्भय मनाने म्हटलेला नवकार, दोन्ही मग त्याला लाभतात.